सदिशांचा भागाकार: निष्कर्ष अर्धा खरा, कारण मात्र साफ चूक

सदिश म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी (व्हेक्टर), बाणाने दाखवतात ती. सदिशांच्या भागाकाराचा विषय निघाला की एक ठरलेलं उत्तर फिरत येतं: “सदिशाला दिशा असते आणि दिशेला भागता येत नाही. म्हणून सदिशांचा गुणाकार होतो, पण भागाकार गणितात नाहीच. भौतिकशास्त्रातही तो कुणी करत नाही.” एवढ्याशा उत्तरात बरीच विधानं कोंबलेली आहेत, ती सुटी करून बघू.

“दिशेला भागता येत नाही.” येतं की. प्रतलातले दोन सदिश घ्या, (३, ४) आणि (२, १). संमिश्र संख्यांच्या नियमाने (२, १) ला (२, १) ने गुणलं, तर पहिला घटक २×२ − १×१ = ३ आणि दुसरा २×१ + १×२ = ४. म्हणजे (३, ४) ÷ (२, १) = (२, १). याचा अर्थ असा: (२, १) हा बाण √५ पट लांब करा, सुमारे २६.६ अंशांनी फिरवा, (३, ४) मिळेल. लांब्यांचा भागाकार झाला, कोनांची वजाबाकी झाली. दिशेने काहीही अडवलं नाही. उत्तर बाण म्हणून न वाचता ‘एवढं ताणा, एवढं वळवा’ अशी कृती म्हणून वाचायचं, इतकंच.

“गुणाकार होतो, पण भागाकार नाही.” खरी मेख इथे आहे. भागाकार म्हणजे उलटा गुणाकार: गुणाकाराचं उत्तर आणि एक अवयव दिला, तर दुसरा अवयव सापडला पाहिजे, आणि तो एकच असला पाहिजे. आधी बिंदू गुणाकार (अ·क्ष) बघू: जोडीजोडीने घटक गुणायचे आणि बेरीज करायची, उत्तर साधी संख्या. अ = (१, २) आणि अ·क्ष = ५ असेल, तर क्ष किती? (५, ०) चालतो, (३, १) चालतो, खुद्द (१, २) सुद्धा चालतो. एका अख्ख्या रेषेवरचे सगळे सदिश चालतात. फुली गुणाकाराचं (अ×क्ष, उत्तर दोघांना लंब असलेला सदिश), म्हणजे अ×क्ष = ब चं, दुखणं वेगळं. ब हा अ ला लंब नसेल तर उत्तरच नाही, आणि असेल तर क्ष मध्ये अ ची हवी ती पट मिळवा, गुणाकार हलत नाही.

थोडक्यात, बिंदू गुणाकार क्ष चा अ ला लंब असलेला घटक फेकून देतो आणि फुली गुणाकार समांतर घटक. फेकलेली माहिती परत कुठून आणणार? पण दोन्ही गुणाकार हाताशी असतील, तर काहीच हरवत नाही:

क्ष = [(अ·क्ष) अ + (अ×क्ष)×अ] ÷ |अ|²

(|अ| म्हणजे अ ची लांबी.) करून बघा. अ = (१, २, ०), अ·क्ष = ५, अ×क्ष = (०, ०, −५). पहिलं पद (५, १०, ०), दुसरं (१०, −५, ०), बेरीज (१५, ५, ०). तिला ५ ने भागलं की (३, १, ०). एकच उत्तर, शंकेला जागा नाही. गणिती विल्यम क्लिफर्डने १८७८ मध्ये जो भूमितीय गुणाकार मांडला, त्यात समांतर आणि लंब अशा दोन्ही भागांची माहिती एकत्र राहते. त्या गुणाकारात शून्य सोडून प्रत्येक सदिशाला व्यस्त आहे, म्हणजे ज्याने गुणलं की १ येतो असा जोडीदार. (१, २) चा व्यस्त (१/५, २/५).

“गणितात नाहीच.” इतिहास तर नेमका उलटा आहे. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनच्या रॉयल कॅनॉलवरच्या पुलापाशी गणिती हॅमिल्टनला क्वाटर्निअन (चार घटकांच्या संख्या) सुचले, आणि पुढे त्याने क्वाटर्निअनची व्याख्याच ‘दोन सदिशांचा भागाकार’ अशी केली. नंतर गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी त्या गुणाकाराचे दोन तुकडे सुटे वापरायला घेतले, बिंदू आणि फुली. सोय झाली, पण भागाकार त्या तोडणीत गेला.

“भौतिकशास्त्रात कुणी करत नाही.” बल आणि त्वरण एकाच रेषेत असतात, तिथे भागून वस्तुमान खुशाल काढतात. फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग आणि कोनीय वेग मात्र नेहमी समांतर नसतात, आणि त्यांना जोडणाऱ्या मोमेंट ऑफ इनर्शियामध्ये (वस्तू फिरवायला किती जड ते सांगणारी राशी) सहा स्वतंत्र आकडे असतात. एका जोडीतून समीकरणं मिळतात तीनच. इथे भागता येत नाही हे मान्य, पण दोष दिशेचा नाही, माहिती अपुरी आहे.

(भागाकार होतो म्हणणारे लोक नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीमध्ये [६, ८] ला [२, ४] ने घटकागणिक भागून [३, २] दाखवतात. तो पुरावा धरू नये. अक्ष जरा फिरवले की ते उत्तर बदलतं, आणि भाजक (५, ०) असला की शून्याने भागावं लागतं.)

आता दाव्यात खरं काय आहे ते. भाज्य, भाजक आणि उत्तर, तिन्ही त्रिमितीतले बाणच हवेत असा हट्ट धरला, तर भागाकार खरोखर अशक्य आहे. समजा असा एखादा गुणाकार आहे आणि त्यात १ चं काम करणारा सदिश आहे. त्या १ च्या दिशेत नसलेला कुठलाही अ घ्या. अ ने गुणणं हे ३×३ मॅट्रिक्सचं काम, म्हणजे त्याचं लाक्षणिक समीकरण (अ ने गुणल्यावर कुठला सदिश फक्त ताणला जातो, आणि किती पट, ते ज्यातून निघतं ते) घन, आणि घन समीकरणाला किमान एक वास्तव मूळ असतंच. ते म असेल, तर एखाद्या शून्येतर क्ष साठी अक्ष = मक्ष, म्हणजेच (अ − म)क्ष = ०. दोन शून्येतर सदिशांचा गुणाकार शून्य आला, तिथेच भागाकार संपला. हीच युक्ती एक सोडून प्रत्येक विषम मितीत चालते. सम मितींचा निकाल लागायला १९५८ साल उजाडलं: गुणाकाराचा साहचर्य नियम, म्हणजे (अब)क = अ(बक), सोडून दिला तरी असा भागाकार फक्त १, २, ४ आणि ८ मितींतच शक्य आहे.