'पार्टनर'ची बाजू घेणाऱ्या वाचकांस

नमस्कार. आधुनिक शब्दांच्या मी लिहिलेल्या तिरकस व्याख्यांवरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि रागावलेलीही आहे. दोन्हींबद्दल आभार.

बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात लिहितो. व्याख्या तटस्थ असावी लागते आणि मी व्याख्येच्या नावाखाली मत खपवतो, हा पहिला. 'डिलिव्हरी पार्टनर' हा शब्द ॲपवरून मागवलेलं घरपोच आणणाऱ्या मुलांना मान देतो. 'पार्टनर : पाऊस, पेट्रोल आणि पंक्चर यांतला भागीदार' असं लिहून मी तो मान काढून घेतला, हा दुसरा. तिसरा नेहमीचाच : हा सगळा नकारात्मकपणा आहे, टीका सोपी असते, पर्याय द्या. तुम्ही स्वतः एचआरमध्ये (कंपनीच्या मनुष्यबळ खात्यात) आहात हेही लिहिलंत, ते बरं केलंत. ही नाणी पाडली जातात त्या टांकसाळीतलाच माणूस बोलतोय म्हटल्यावर मीही जरा सावरून बसलो.

तटस्थतेचं आधी उरकतो. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५चा. त्यात 'पेन्शन' या शब्दाखाली त्याने लिहिलं, की इंग्लंडमध्ये याचा अर्थ साधारणपणे सरकारच्या भाडोत्री माणसाला देशद्रोहाबद्दल मिळणारा पगार असा घेतात. पुढे १७६२ मध्ये राजाने त्यालाच वर्षाला ३०० पौंड पेन्शन देऊ केलं आणि या गृहस्थांनी ते घेतलं! लोकांनी त्यावरून त्याला यथेच्छ छळलं. पण त्या कोशाला 'हा कोशच नव्हे' असं कुणी म्हणत नाही. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणणाऱ्या बायकांना तटस्थतेची चिंता नव्हती. नाव ऐकायचं, मग हात बघायचा. माझी पद्धत तीच आहे.

आता 'पार्टनर'. इथे मात्र मला थोडं लांबण लावू द्या, कारण तुमचा खरा राग इथे आहे आणि माझाही.

तुम्ही म्हणता, हा मानाचा शब्द आहे. मला तो हिशेबाचा शब्द वाटतो. 'कर्मचारी' म्हटलं की त्याच्यामागून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा अशी सगळी वरात येते. 'पार्टनर' म्हटलं की ती वरात दारातूनच परत जाते. केंद्राच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आहे : पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर राहून काम करून कमावणारा. किती कोरडी व्याख्या आहे बघा. पण 'बाहेर' हा शब्द तिने लपवलेला नाही. तो माणूस बाहेर आहे. तुमचा 'पार्टनर' त्याला आत बसवल्याचा भास करतो. आणि ही माणसं मूठभर नाहीत. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात २०२०-२१ साठी गिग कामगारांचा अंदाज ७७ लाखांचा आहे आणि २०२९-३० पर्यंत तो २.३५ कोटींवर जाईल असं म्हटलंय. एवढे भागीदार असलेल्या धंद्यात नफ्याचं वाटप कुठल्या तारखेला होतं, तेवढं तुमच्या खात्यात विचारून सांगा.

ब्रिटनमध्ये हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उबरचं म्हणणं असं, की चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत आणि करारात तसं स्पष्ट लिहिलंय. १९ फेब्रुवारी २०२१च्या निकालात न्यायालयाने सुरुवात करारातल्या शब्दांपासून केलीच नाही. भाडं कोण ठरवतं, अटी कोण घालतं, फेऱ्या नाकारल्या तर लगाम कोण आवळतं, हे बघितलं आणि चालकांना 'वर्कर' ठरवलं. म्हणजे किमान वेतन आणि पगारी सुट्टी आली. त्या न्यायमूर्तींना कुणी नकारात्मक म्हणत नाही. ते विनोद करत नाहीत, एवढाच आमच्यात फरक (आणि पगाराचा).

त्या मुलांना मी हसलो, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. पावसात भिजणारा विनोदाचा विषय नाही. त्याला भिजवून वर 'भागीदार' म्हणणारा आहे. बायको, सासू, जाडी माणसं यांच्यावरच्या 'वात्रट व्याख्या' रोज सकाळी फिरत असतात. त्या मी घेत नाही, कारण तिथे लपवलेलं काहीच नसतं. नुसती टपली असते.

राहिलं नकारात्मकतेचं. रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना पूर्वी 'सर्व्हिस चार्ज' लागायचा, २० आणि ४० रुपये. नोटाबंदीनंतर तो माफ झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो परत आला, दर थोडा उतरवून आणि नाव बदलून : 'कन्व्हीनियन्स फी'. तिकीट आपणच काढायचं, शाईही आपली, कागदही आपला आणि सोय झाली म्हणून पैसेही आपणच द्यायचे. यावर रडणंही शक्य होतं. मी हसलो, तर तो सकारात्मकपणा धरा की!

शिवाय तिरकस व्याख्यांत सरकार माझ्या पुढे गेलंय. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधी, म्हणजे वेबसाइट-ॲपवरच्या फसव्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकारच्या लबाड्या नावानिशी दिल्या आहेत. एकाचं नाव 'बास्केट स्नीकिंग' : आपण न मागितलेली वस्तू गुपचूप पिशवीत टाकणं. दुसरं 'कन्फर्म शेमिंग', म्हणजे नको म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणं. त्याचं उदाहरणही तिथेच आहे : विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नको असेल, तर 'मी असुरक्षित राहीन' या अर्थाच्या वाक्यावर बोट दाबायचं. हे मी लिहिलं असतं, तर तुम्ही अतिशयोक्ती म्हणाला असतात.

पर्याय मागितलात, तर तोही आहे, आणि नवा शोधावा लागत नाही. घरांच्या बाजारात 'सुपर बिल्ट-अप' नावाची एक हवा होती. जिना, लिफ्ट, लॉबी, सगळ्यांतला आपला वाटा धरून फ्लॅट फुगायचा. आत राहायला गेलं की कपाट मावायचं नाही. २०१६च्या रेरा कायद्याने 'चटई क्षेत्र' (कार्पेट एरिया) म्हणजे काय ते लिहून टाकलं : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची सोडायची. विक्रीच्या कागदावर हाच आकडा हवा. त्याने फ्लॅट स्वस्त झाला नाही, पण किती चौरस फुटांना लुटले गेलो ते तरी नीट मोजता येऊ लागलं.

तुमच्या खात्याकडून मला आणखी काही शब्द हवे आहेत. 'राइटसायझिंग' (नोकरकपातीचं गोंडस नाव) माझ्याकडे आहे, 'आपण सगळे एक कुटुंब' हेही आहे ('ईमेलवरून वेगळं राहता येणारं एकत्र कुटुंब'). 'नॅचरल ॲट्रिशन'चं मात्र मला जमत नाहीये. माणसांनी कंटाळून नोकरी सोडण्यात निसर्गाचा हात नक्की कुठे असतो, ते आतल्या माणसाशिवाय कोण सांगणार? वेळ मिळाला की कळवा. नाव न छापता छापेन.