पीडितेला आधार कसा द्यावा : काही घरगुती उपाय

परवा ओळखीतल्या एका मुलीने सेटवर तिचा लैंगिक छळ कसा झाला ते चारचौघांत सांगितलं. मालिकांना वेशभूषा सहायक म्हणून जाते ती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत एका काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल काढला आणि विचारलं, "मालिका कुठली म्हणालीस?" मग कलाकारांचे फोटो एकेक करून तिच्यासमोर धरू लागले. "हा? नाही? मग हा असेल!"

ही हातोटी सगळ्यांनाच यावी म्हणून हा प्रपंच.

सर्वप्रथम नाव काढून घ्या. नाव कळल्याशिवाय सहानुभूती सुरू करू नये.

नाव कळलं की "पण काम काय सुरेख करतो!" हे आवर्जून सांगा. तिलाही बरं वाटेल.

"ते क्षेत्रच तसलं" हे म्हणायला विसरू नका.

आता रामबाण उपाय. "तेव्हाच का नाही बोललीस?" हे विचाराच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. एवढा वेळ पुरायला काय हरकत आहे? त्या काळात तिने फक्त रोजंदारी सांभाळायची, त्याच माणसाच्या शर्टाची बटणं लावायची आणि अशा तक्रारी ऐकायला मालकाने नेमायची असते ती अंतर्गत समिती नावाची वस्तू शोधायची. ती सापडलीच, तर तिच्यात निर्मात्याच्याच मर्जीतली माणसं बसलेली असायची. तिने तोंड उघडलं की पुढच्या मालिकेला फोन येणार नाही, हे युनिटमधल्या चहावाल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं.

आणि जी तेव्हाच बोलली तिचं काय झालं? २०१७ साली केरळमध्ये एका अभिनेत्रीचं अपहरण करून धावत्या गाडीत तिच्यावर अत्याचार झाला. ती पोलिसांत गेली. तिच्या सहकारी बायका एकत्र आल्या, म्हणून तिथल्या सरकारने चित्रपटसृष्टीतल्या बायकांचे हाल तपासायला निवृत्त न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. सेटवर स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, काम हवं तर 'ॲडजस्टमेंट' करा, हे सगळं बायकांनी समितीपुढे जाऊन सांगितलं. अहवाल ३१ डिसेंबर २०१९ ला सरकारच्या हातात पडला. लोकांना दिसला १९ ऑगस्ट २०२४ ला, तोही काही भाग वगळून. साडेचार वर्षं! "तेव्हाच का नाही बोललात?" असं त्या सरकारला विचारणारा एक काका मला दाखवा. एक!

"त्याच्या करिअरचं काय?" हेही विचारा म्हणे. तिचं नसतंच ना करिअर, बटणं तर लावते!

पुरे झालं. हसण्यासारखं यात काहीही नाही. ती तुमच्यासमोर बोलायला बसली आहे ना, मग तो मोबाइल खाली ठेवा. तक्रार करायची की नाही, हे ती ठरवेल. तुम्ही किंवा तिचे आईबाप नाही. करायची म्हणाली तर तारखा आणि मेसेज नीट जपायला मदत करा. दहापेक्षा कमी माणसांचं युनिट असेल किंवा मालकच तो माणूस असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिथे तिच्यासोबत जा, बाहेर बाकड्यावर बसा. तिचं नाव चार गटांत पाठवू नका. आणि ज्याचं नाव ऐकायला एवढे आसुसला होतात, त्याला उद्या पुरस्कार मिळाला की टाळ्या वाजवायला तुम्हीच पहिल्या रांगेत असता, याची जरा तरी लाज वाटू द्या.