गरिबी डोक्यात असते म्हणणाऱ्यांना

‘गरिबी खिशात नसते, डोक्यात असते’ या वाक्याने सुरू होणारा एक मेसेज सध्या आमच्या बेळगावातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो पाच जणांनी पाठवला. त्यातला एक तर माझा बालमित्र. वडगावात त्याचे आणि माझे वडील एकाच शेडमध्ये शेजारशेजारच्या यंत्रमागांवर उभे असायचे. त्याने पाठवला म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: गरीब माणूस फक्त आजचं बघतो. पैसा आला की लग्नात-जत्रेत उडवतो. चार माणसांत कसं बोलावं हे त्याला कळत नाही. फुकट मिळालं की काम सोडतो. आणि शेवटी, सवयी बदला, वर्ग आपोआप बदलेल.

‘फक्त आजचं बघतो’ हे कुणाबद्दल? आमच्या जिल्ह्यात उसावर जगणारी हजारो घरं आहेत. लावण केली की तोडणीला वर्ष, कधी दीड वर्ष. तोवर खत, पाणी, मजुरी सगळं उसनवारीवर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. बिलाची वाट बघत किती दिवस जातात हे निपाणी-चिकोडीकडच्या कुठल्याही घरात विचारा. दीड वर्ष पुढचं पीक लावून बसलेल्या माणसाला उद्याचं बघता येत नाही, असं म्हणायला जीभ कशी वळते?

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर अशा दोन्ही वेळा बुद्धीच्या चाचण्या दिल्या. पैसे आल्यावरच्या चाचण्या चांगल्या गेल्या. माणूस तोच, डोकं तेच. टंचाईने ते आधीच गुंतलेलं होतं.

नियोजनच बघायचं असेल तर आमच्या गल्लीतली भिशी बघा. बारा बायका, महिन्याला हजार रुपये, दर महिन्याला एकीला बारा हजार. माझी आई कायम जूनचा नंबर मागून घ्यायची, कारण जूनमध्ये वह्या, दप्तर, फी. जिच्या मुलीचं लग्न ठरतंय तिने शेवटचे नंबर घ्यायचे, म्हणजे पैसा मध्येच खर्च होत नाही. एखादीला अचानक दवाखाना लागला तर दुसरीने आपला नंबर सोडायचा, आणि पुढच्या वेळी ते लक्षात ठेवून फेडायचं. यातला एकही नियम कुठे लिहिलेला नव्हता. आईने एकदाही हप्ता चुकवला नाही.

आता लग्न-जत्रा. इथे मेसेजशी मी थोडा सहमत आहे. लग्नासाठी संघाचं, म्हणजे बचत गटाचं, आणि फायनान्स कंपन्यांचं कर्ज काढून मोडलेली घरं मी पाहिली आहेत. वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. पण सगळाच खर्च उधळपट्टी म्हणून मोडीत काढू नका. आमच्या घरी आहेराची एक लाल कव्हराची वही होती. ‘पातळ १, रोख ५१’, ‘तांदूळ ५ शेर, रोख १०१’, असं नावानिशी. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेला कोण आलं, कुणी किती हातभार लावला, सगळं त्यात. वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा आईने तीच वही काढली आणि कुणाकडे जायचं ते ठरवलं. दोन दिवसांत रक्कम जमली. ज्यांच्याकडे पॉलिसी असते त्यांना ही वही लागत नाही. आमच्याकडे पॉलिसी नव्हती.

‘चार माणसांत बोलता येत नाही’ हे वाचून मला सगळ्यात जास्त लागलं. माझी आत्या कडोलीची. पहाटे भाजी घेऊन बेळगावच्या मार्केटला जायची. मी लहानपणी तिच्याबरोबर बसलोय. गोव्याचा व्यापारी आला की ‘बाब’, गोकाककडचा हमाल आला की ‘अण्णा’, शेजारच्या कांदेवाल्याला ‘भाई’. नुसती हाक बदलायची नाही, अख्खी भाषा बदलायची: कोकणी, कन्नड, दखनी उर्दू, आणि पोत्यामागे बसलेल्या माझ्याशी मराठी. भाव कुठे ताणायचा, कुठे सोडायचा आणि रोजच्या गिऱ्हाइकाला न मागता कोथिंबिरीची काडी कधी घालायची, हे तिला पक्कं ठाऊक.

हीच बाई त्याच दिवशी दुपारी बँकेत गेली की गप्प. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराखाली. फॉर्म इंग्रजीत. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणायचा, ‘भरून आणा.’ मग ती कुणाच्या तरी शाळकरी मुलीला शोधायची. चार भाषा बोलणाऱ्या बाईला त्या बँकेने मुकी करून ठेवलं होतं, आणि दोष मात्र तिच्या डोक्याला.

फुकटच्या योजनांबद्दल फार लिहीत नाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. सकाळची खानापूरहून येणारी बस बघा. त्यातल्या बायका कामावरच निघालेल्या असतात.

राहिलं ‘सवयी बदला’. प्रत्येक वर्गाचे न बोललेले नियम असतात, हे मला मान्य आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात रुबी पेन या शिक्षण क्षेत्रातल्या लेखिकेने हेच शिक्षकांना सांगितलं आणि गरीब मुलांना मध्यमवर्गाचे नियम शिकवा म्हणाल्या. २००८ साली तिथल्याच अभ्यासकांनी त्यांचे दावे तपासले. गरिबांबद्दलची त्यांची चित्रं संशोधनाशी जुळत नव्हती. नियम असतात, पण खालच्याचे नियम अडाणीपणा आणि वरच्याचे संस्कार, हे कुणी ठरवलं? आमच्या घरी मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे उर्मटपणा. पहिल्या मुलाखतीत मी खाली बघून उत्तरं दिली आणि ‘आत्मविश्वास नाही’ असा शेरा मिळवला. मी वडिलांनी शिकवलेला मान देत होतो.

आता बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसतो. गेल्या महिन्यात खानापूरकडचा एक मुलगा आला. खुर्चीच्या कडेवर टेकलेला, नजर फरशीवर. ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटल्यावर दोन शब्दांत थांबला. मी कागद बाजूला ठेवले आणि त्याला मोल्डिंगकडे, वाळूचे साचे करतात तिकडे, नेलं. त्याने न सांगता मूठभर वाळू उचलली, दाबली, गोळा मधोमध मोडून बघितला, तळहाताला चिकटलेली वाळू दाखवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, ‘पाणी जास्त झालंय की सर. हे असंच ओतलं तर ब्लोहोल येणार, मालाला भोकं पडणार.’