लग्नाआधीची सक्ती नको, आधी स्वतःच्या अंगाकडे बघायला शिका

लग्नाआधी एचआयव्हीची टेस्ट सक्तीची करावी का, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उठतो. गोव्यात 2006 ला उठला, 2019 ला तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी परत तसा विचार चालू असल्याचं सांगितलं, आणि 2025 मध्ये मेघालय सरकारने तशा कायद्याची भाषा केली तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच विषय पेटला. बहुतेक जण सक्तीच्या बाजूने. ज्यांच्या मुली लग्नाच्या वयाला आल्यात ते तर फारच ठाम होते आणि त्यांची काळजी मला पूर्ण कळते, मलाही मुलगी आहे. पण मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहतोय, इथं हे प्रकरण कसं हाताळतात ते जवळून बघतोय, आणि त्यामुळे माझं मत ग्रुपच्या अगदी उलट आहे.

सक्तीची टेस्ट म्हणजे एका दिवसाची टेस्ट. मुलगा आज रक्त देणार, रिपोर्ट निगेटिव्ह येणार, पत्रिकेसोबत फाईलला लागणार, झालं. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तो एचआयव्हीच्या टेस्टमध्ये दिसतच नाही, आणि परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस), क्लॅमिडिया, हर्पिस या संबंधांतून पसरणाऱ्या बाकीच्या आजारांबद्दल तो कागद एक अक्षर बोलत नाही. शिवाय लग्नानंतरचं काय? नवरा महिनोन्‌महिने घरापासून लांब असतो, ट्रकवर असेल, आखातात असेल, नाहीतर आमच्यासारखा ऑनसाइटला असेल, तेव्हा तो फाईलमधला रिपोर्ट बायकोला कसा वाचवणार? आपल्याकडचा 2017 चा एचआयव्ही एड्स कायदाही सांगतो की माणसाची माहितीपूर्वक संमती असल्याशिवाय टेस्ट करायची नाही, आणि मला तो कायदा शहाणा वाटतो.

सक्ती करून बघितलेली आहे हो, आणि तीही याच इंग्रजांनी. 1864 पासून इथल्या लष्करी छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावात पोलिसांना वेश्या असल्याचा संशय येईल त्या बाईला धरून गुप्तरोगासाठी तपासायचा कायदा होता, 1868 मध्ये तसलाच कायदा हिंदुस्थानातही आणला, आणि दोन्हीकडे तपासलं फक्त बायकांना. पुरुष, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते मोकळे. जोसेफिन बटलर नावाच्या बाई याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या, शेवटी 1886 मध्ये इथला आणि 1888 मध्ये आपल्याकडचा कायदा रद्द झाला. मग 1916 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, यांनी बरोबर उलटा रस्ता धरला: तपासणी आणि उपचार फुकट, कुणावर जबरदस्ती नाही, आणि नाव बाहेर जाणार नाही. आज शंभर वर्षांनंतरही इथली लैंगिक आरोग्याची क्लिनिकं त्याच तत्त्वावर चालतात. तुम्ही तिथं खरं नाव सांगितलं नाही तरी चालतं, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला तुमच्या परवानगीशिवाय कळवत नाहीत, आणि व्हिसा कुठला आहे त्यावर फी ठरत नाही, कारण या आजारांचे उपचार परदेशी माणसालाही फुकट आहेत.

आणि हे काही गोऱ्यांच्या रक्तातच आहे असं नाही. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवर उघड बोलणारं मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं, त्यांच्यावर खटले भरले गेले, 1934 च्या खटल्यात तर खुद्द बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. म्हणजे मराठीत हे बोलायला सुरुवात होऊन शंभर वर्षं होत आली. तरी 2007 मध्ये महाराष्ट्रात शाळेतलं लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाने थांबवलं गेलं. त्या वर्षी शाळेत असलेली पोरं आता तिशीत आहेत, लग्नं होऊन बाप झालीत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःच्या अंगावर काय बघायचं असतं हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तर ते सांगतो, सरळ सांगतो. महिन्यातून एकदा, गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, चांगल्या उजेडात स्वतःला तपासा. शिश्नावरची कातडी पूर्ण मागे घेऊन टोक, त्याची कड आणि कातडीची आतली बाजू बघा, खालची बाजू बघा कारण ती एरवी दिसतच नाही, केसांच्या मुळाशी बघा, अंडकोष उचलून मागे बघा, जांघेत दोन्ही बाजूला बोटांनी चाचपून अवधाण आल्यासारखी गाठ लागते का बघा, गुदद्वाराजवळ छोटा आरसा धरून बघा, आणि तोंडाच्या आत पण, कारण मुखमैथुनातून हे आजार तिथंही होतात. सकाळी पहिल्या लघवीच्या आधी टोकाशी पू किंवा चिकट पाणी दिसतं का, चड्डीवर डाग पडतो का, लघवीला जळजळ होते का, हेही बघायचं. त्याच वेळी दोन्ही गोट्या हलक्या हाताने फिरवून बघा, तिथं न दुखणारी टणक गाठ लागली तर ती कॅन्सरची असू शकते आणि हा कॅन्सर तरुण पुरुषांना होतो, लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

दिसेल ते सगळं आजारच असतं असं नाही. टोकाच्या कडेला एका रांगेत बारीक मोत्यासारखे दाणे असतात, कातडीवर पिवळट ठिपके असतात, कितीतरी पुरुषांना ते असतात आणि ते निरुपद्रवी आहेत. कातडी वारंवार लाल होऊन चिरत असेल तर साखर तपासा, डायबेटिसमध्ये असं होतं. पण नवीन आलेलं काहीही, फोड, चट्टा, मस, जखम, ते दाखवायचं. विशेषतः न दुखणारी जखम! गरमीची पहिली जखम संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, दुखत नाही, आणि काही आठवड्यांत काही न करता आपोआप भरते, इथंच सगळे फसतात. आमच्या ओळखीचा एक नगरकडचा मुलगा इथं नोकरीला आला होता, त्याला अशीच जखम झाली, त्याने फोटो काढून गावाकडच्या मेडिकलवाल्या मित्राला पाठवला, त्याने मलम सांगितलं, जखम भरली, हा खूश. दीड-दोन महिन्यांनी तळहातावर आणि तळपायावर लाल चट्टे आले तेव्हा मी त्याला क्लिनिकला पाठवला. रक्त तपासलं, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, काम झालं. गावी बायकोला दिवस गेलेले होते आणि तो महिन्यापूर्वीच सुट्टीवर जाऊन आला होता, त्यामुळे तिलाही तातडीने तपासून घ्यावं लागलं, कारण गरमी पोटातल्या बाळापर्यंत पोचते. तो माणूस वाईट नाही. त्याला माहीत नव्हतं.

आता जे ग्रुपवर म्हणाले की मग बघणं पुरे, टेस्ट कशाला, त्यांनाही सांगतो, बघणं पुरत नाही. क्लॅमिडिया झालेल्या निम्म्या पुरुषांना तरी काहीच लक्षण जाणवत नाही, एचआयव्ही तर वर्षानुवर्षं गप्प बसतो. म्हणून जोडीदार बदलला, कंडोमशिवाय संबंध आला, तर अंग कितीही स्वच्छ दिसत असलं तरी टेस्ट करायचीच. आणि एचआयव्हीची धास्ती असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठा, त्या मुदतीत सुरू केलेल्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येतो, तिथं महिन्याच्या तपासणीची वाट बघायची नाही. बघण्याचा उपयोग हा की जे दिसतं ते लपवून महिने जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे माणसाला आपल्या अंगाची जबाबदारी घ्यायची सवय लागते.

इंग्लंडमध्ये सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. 2023 मध्ये इथं परम्याच्या 85 हजारांहून जास्त केसेस निघाल्या, 1918 पासूनच्या नोंदींमधला तो सर्वात मोठा आकडा, आणि क्लिनिकच्या बजेटला वर्षानुवर्षं कात्री लागत आलीये, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत लोक वैतागतात. पण बऱ्याच भागात टेस्टचं किट पोस्टाने घरी मागवता येतं, लघवीची बाटली आणि बोटातून काढलेलं थोडं रक्त परत पाठवायचं, निकाल मोबाईलवर येतो. जोडीदाराला कळवायचं धाडस नसेल तर क्लिनिकच तुमचं नाव न सांगता कळवतं. त्या सगळ्यात कुणी विचारत नाही की तू असा कसा वागलास.

आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की आपल्याकडे सोय नाही असं नाहीये. सरकारी हॉस्पिटलमध्ये सुरक्षा क्लिनिक नावाने हे चालतं, तपासणी फुकट, औषधं फुकट, लक्षणानुसार रंगीत किट ठरलेली आहेत, पू जात असेल तर करड्या रंगाचं, जखम असेल तर पांढरं. 1097 हा एड्स हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे. ग्रुपवर विचारलं तर एकालाही यातलं काही माहीत नव्हतं, स्टेशनाजवळच्या भिंतींवरची गुप्तरोग तज्ज्ञांची नावं मात्र सगळ्यांना पाठ होती. त्या भिंतीवाल्यांकडे जाऊन हजारो रुपये घालवायचे नाहीतर मेडिकलमधून खाजेचं स्टेरॉइडवालं मलम आणि अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आणून घरी बसायचं, अर्धवट गोळ्यांनी पू थांबतो पण जंतू आत राहू शकतो आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आमदारांना सक्तीचा कायदा मागू नका, हे विचारा: आपल्या तालुक्यात सुरक्षा क्लिनिक कुठे आहे, पेनिसिलिनचं इंजेक्शन तिथं बारा महिने मिळतं का, आत जाताना चार लोकांसमोर मोठ्याने नाव पुकारतात का, आणि ते संध्याकाळी उघडं असतं का, कारण सकाळच्या ओपीडीला जायचं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा कामाचा खाडा होतो आणि तो जात नाही.