खडकवासला भरलं म्हणजे पानशेत होणार? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

जुलै लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा पुण्यात मुठेकाठी असलेल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो रात्री साडेअकराला पडला आणि बारा वाजायच्या आत मला आणखी चार जणांकडून आला. त्यातलं एक नाव कोथरूडला राहणाऱ्या मावसबहिणीचं होतं, तिला नदी दिसतही नाही. एक वाजता पाणी प्यायला उठले तर आई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर कागदपत्रांची पिशवी, पायात चपला. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. १९६१ साली पुण्याच्या वरचं पानशेत धरण फुटून शहरात पूर आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती, घर नारायण पेठेत. तिच्यासमोर पानशेत हा एक शब्द आला की पुढचं काही वाचायची गरज उरत नाही.

मेसेज थोडक्यात असा: खडकवासला धरण (मुठेवरचं, पुण्याला सगळ्यात जवळचं) शंभर टक्के भरलं आहे आणि भिंतीला धोका आहे, पहाटेपर्यंत पानशेतसारखं होऊ शकतं. चारही धरणांचं पाणी एकदम सोडणार आहेत. सोडलेलं पाणी दहा मिनिटांत नदीकाठी पोचतं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या ताबडतोब बाहेर काढा. पाण्याबरोबर विषारी साप घरात शिरतात. नदीपासून लांब राहणाऱ्यांनी निर्धास्त झोपावं. आणि शेवटी, कुणीही तुम्हाला वेळेवर सांगणार नाही, म्हणून हा मेसेज सगळ्यांना पाठवा. सोबत पाण्याखाली गेलेल्या भिडे पुलाचा फोटो.

पाठवणाऱ्यांना आपल्या माणसांची काळजी आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यातली एक सूचना जीव घेणारी आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आधी पानशेत. १२ जुलै १९६१ ला जे झालं ते धरण भरल्यामुळे झालं नव्हतं. पानशेत मातीचं धरण, आणि ते पुरं झालेलंच नव्हतं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढायच्या बोगद्याचं आणि त्याच्या दरवाजाचं काम अर्धवट असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. अर्धवट बोगद्यातून पाणी सुटलं, बांधकामाला हादरे बसले, वरची माती खचायला लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तरी सकाळी धरण गेलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर येऊन आदळलं आणि त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. ती भिंत एकोणिसाव्या शतकातली होती आणि एवढ्या लोंढ्यासाठी कुणी ती बांधलेली नव्हती.

आज पानशेत पुरं बांधलेलं आहे, जादा पाणी काढून द्यायला सांडवा आहे. खडकवासलाही दुरुस्त होऊन दरवाज्यांनी पाणी सोडतं. धरणांवर लक्ष ठेवायला नको असं मी म्हणत नाही. २०१६ साली टेमघरच्या भिंतीतून गळती दिसली होती आणि तिच्या दुरुस्तीचं काम हाती घ्यावं लागलं होतं. असे प्रश्न वर्षभर विचारले पाहिजेत. पण "शंभर टक्के भरलं" हे भिंतीच्या दुखण्याचं लक्षण नाही. खडकवासला हे पुण्याच्या वरच्या चार धरणांच्या साखळीतलं सगळ्यात लहान धरण, साठा १.९७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). चांगल्या पावसात ते जुलैतच भरतं, जवळजवळ दरवर्षी भरतं.

भरण्याचा खरा अर्थ मेसेजमध्ये नाहीच, आणि नदीकाठच्या माणसाला तोच कळायला हवा. धरण भरलं म्हणजे आता त्यात जागा उरली नाही. वर जेवढं पडेल तेवढं दरवाज्यातून खाली येणार. म्हणजे त्या रात्री घाटात किती पाऊस पडतोय आणि किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलंय हे बघायचं. भिंतीकडे बघत बसून काही हाती लागत नाही.

"चारही धरणांचं पाणी एकदम" हा दावा साध्या गुणाकारातही टिकत नाही. टेमघर, वरसगाव आणि पानशेत यांचं पाणी आधी खडकवासल्यात येतं आणि शहरात येतं ते खडकवासल्याच्या दरवाज्यांतून. चौघांचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. २५ जुलै २०२४ ला आमच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला, एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. ३५ हजार म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा आणि असे शंभर टँकर दर सेकंदाला रिकामे होताहेत असं समजा. एवढ्या वेगानेही २९ टीएमसी खाली यायला साडेनऊ दिवस लागतील. एका रात्रीत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वरच्या तीन धरणांनी थेंबही सोडला नाही तरी खडकवासला भरून वाहू शकतं, कारण त्या धरणांच्या खालच्या डोंगरउतारावर पडलेला पाऊस थेट त्यात उतरतो. याला मुक्त पाणलोट म्हणतात. २०२४ च्या त्या चोवीस तासांत खुद्द शिवाजीनगरला शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. "पानशेत अजून भरलं नाही, मग कसली भीती" असं म्हणणारे काकाही आमच्या ग्रुपवर आहेत. त्यांचंही बरोबर नाही.

फोटोबद्दल दोन वाक्यं पुरे. भिडे पूल हा नदीपात्रातला बुटका पूल, नदीला थोडं जास्त पाणी आलं की तो पाण्याखाली जातो, त्यातून प्रलय सिद्ध होत नाही. आणि त्या फोटोत मेट्रोचे खांब नाहीत. डेक्कनच्या बाजूने नदीपात्रातून मेट्रो १ ऑगस्ट २०२३ पासून धावते आहे, खांब तर त्याच्याही कितीतरी आधी उभे राहिले. फोटो जुना आहे.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. "दहा मिनिटांत पाणी येतं, गाड्या काढा."

खडकवासल्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत नदीने दहा-बारा किलोमीटर. पुराचं पाणी ताशी दहा किलोमीटरने धावलं असं धरलं तरी तास लागतो. शिवाय विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात. म्हणजे हातात दहा मिनिटं नसतात, त्याहून बरीच जास्त असतात, फक्त बातमी वेळेवर कळायला हवी. दहा मिनिटांच्या धास्तीने माणूस जे पहिलं सुचेल ते करतो, आणि मेसेजने सुचवलेलं काय, तर अंधारात पार्किंगमध्ये उतरा.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तीन तरुण गेले. अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून सुरक्षित जागी हलवत होते, विजेचा धक्का बसला. ते वाहून गेले नाहीत, धरण फुटलं नव्हतं, साप चावला नव्हता. पोटापाण्याची गाडी वाचवायला ते पाण्यात उतरले आणि त्या पाण्यात वीज होती.

त्या पहाटे आमच्या पार्किंगमध्ये मी जे पाहिलं ते सांगते. नदीचं पाणी भिंतीवरून आलंच नाही, आधी ते खालून आलं. जिन्याजवळच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण खदखदायला लागलं, कडेने काळं पाणी बुडबुडत वर आलं आणि फरशीवर पसरलं. नदी फुगली की ड्रेनेजच्या नळांतून आणि नाल्यांतून पाणी असं उलटं येतं. मागचं फाटक कोरडं होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं अजून वेळ आहे. पहिल्या मजल्यावरचा मुलगा बाइक काढायला चार पायऱ्या उतरला. समोर भिंतीवर मीटरची पेटी, तिच्याखाली पंपाचा स्टार्टर, आणि पाणी स्टार्टरच्या वायरीपासून वीतभर खाली. शेजारच्या काकूंनी वरून त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. त्यांनी काही विचार केला नव्हता, नुसत्या घाबरल्या होत्या. बाइक गेली. मुलगा यंदा बारावीला आहे.

म्हणून ज्यांनी "गाड्या काढा" पुढे पाठवलं आहे त्यांना हात जोडून सांगते, त्या वाक्याची जागा याला द्या: गाडी काढायची तर विसर्ग वाढल्याची सूचना आल्या आल्या, फरशी कोरडी असताना. पार्किंगमध्ये पाणी दिसलं की कुणीही खाली उतरायचं नाही, गाडी कितीही महाग असो. मेन स्विच बंद करायचा तोही पाणी यायच्या आधी, कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या हाताने. तेवढा वेळ मिळाला नाही तर वीज कंपनीला फोन करून पुरवठा बंद करायला सांगायचं आणि वरच थांबायचं. आता बऱ्याच पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरची चार्जिंगची पिनही गुडघ्याच्या उंचीवर असते, तीही लक्षात ठेवा. आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना गाडी बाहेर काढून जाणार कुठे? तेवढ्या पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते.

सापांचं पटकन सांगते. नदीच्या पाण्याबरोबर अंगणात येणारा साप बहुतेक वेळा पाणदिवड असतो. रागीट दिसतो, चावतोही, पण बिनविषारी. तरी हात लावू नका, मारू नका, सर्पमित्राला बोलवा. साप कोणता ते सांगता येत नसेल आणि चावला असेल तर सरळ दवाखाना.

"नदीपासून लांब असाल तर निर्धास्त झोपा" हे वाक्य वाचून मला राग आला. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इतक्यात विसरलो आपण? कात्रजच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा फुगला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर इथली माणसं झोपेत असताना ओढा घरात आला, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं गेली. खडकवासल्याच्या दरवाज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, मुठा कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. ज्यांच्या घराखालून किंवा शेजारून नाला जातो (आणि पुण्यात तो अनेकदा स्लॅबखाली झाकलेला असतो, त्यामुळे रहिवाशांना माहीतही नसतो) त्यांनी आमच्याइतकंच जागं राहायला हवं. उलट बाणेर, औंध, सांगवीचे लोक खडकवासल्याचा आकडा बघून घाबरतात. त्यांच्याकडची नदी मुळा, तिला पाणी येतं मुळशीकडून आणि पवनेकडून. त्यांनी त्या धरणांचे आकडे बघावेत.

राहिला शेवटचा दावा, कुणी सांगणार नाही हा. इथे मला मेसेज पूर्ण खोटा म्हणता येत नाही. २०२४ च्या त्या रात्री आमच्या दारापर्यंत सूचना वेळेत आली नाही. आम्हाला कळलं ते चेंबरच्या आवाजाने. तो राग खरा आहे आणि तो राग आहे म्हणूनच असले मेसेज चालतात. पण सूचना मिळत नाही यावर इलाज तारीख नसलेली, आकडा नसलेली, कुणी लिहिली ते ठाऊक नसलेली सूचना हा नाही. असा मेसेज जुलैत चार वेळा आला की पाचव्या वेळी खरी सूचना आली तरी माणूस कूस बदलून झोपतो. आमच्याकडे तळमजल्यावरचे एक आजोबा असंच म्हणायला लागले आहेत: येतंच असतं काहीतरी.

पाटबंधारे खात्याकडून विसर्गाची जी सूचना येते तिच्यात चार गोष्टी असतात: धरणाचं नाव, तारीख, वेळ आणि क्युसेक. या चारांतली एक जरी गोष्ट नसेल तर मेसेज पुढे पाठवायचा नाही, एवढा नियम आम्ही ग्रुपवर केला. मागच्या भिंतीवर ऑइलपेंटने एक रेघ मारली, २०२४ च्या पाण्याची, शेजारी ३५ हजार असा आकडा. मीटरच्या पेट्या वर्गणी काढून पहिल्या मजल्यावर नेल्या. आणि जूनमध्येच ठरवलं की तळमजल्यावरच्या तीन घरांतल्या वयस्कर माणसांना कोण वर घेऊन येणार, त्यांच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे राहणार, औषधांची पिशवी कुठे टांगलेली असणार.

त्या रात्री मी आईला विसर्गाचा ताजा आकडा दाखवला, मग टॉर्च मारून खालची रेघ दाखवली. पाणी रेघेच्या आसपासही नव्हतं. तिने आकडा दोनदा वाचला, घाटात पाऊस थांबला का ते विचारलं, तीन वाजता परत बघायला सांगितलं आणि आत जाऊन पडली. चपला मात्र पलंगाजवळच ठेवल्या.

ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पाठवलाय त्यांनी तो ग्रुपवरून काढून टाका, आणि ज्या ज्या ग्रुपवर गेलाय तिथे गाड्यांची सूचना चुकीची आहे एवढं तरी आज लिहा. घाटात पाऊस अजून थांबलेला नाही.