जिमचा स्पीकर नक्की कोणाच्या ताब्यात?

फी वेळेवर भरणाऱ्या माणसाने जिममध्ये जाऊन व्यायाम कमी करावा आणि गाण्यांवरची भांडणे जास्त ऐकावीत, हे आमच्या फोंड्यातल्या जिमच्या मालकांना अजिबात खटकत नाही, याचा मला मनस्वी संताप आहे. जुना स्पीकर बंद पडल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने चार कोपऱ्यांत चार वायरलेस स्पीकर बसवले, वाय-फायचा पासवर्ड स्क्वॉट रॅकच्या वर भिंतीवर मार्करने लिहून ठेवला आणि ज्याला जे ऐकायचे असेल ते त्याने लावावे, असे जाहीर करून ते मोकळे झाले. या मोकळिकीचे काय होते ते सकाळी सहा ते आठच्या दरम्यान येऊन पाहावे लागते. मालक मात्र दहानंतर उगवतात, आणि तोवर जिममध्ये लादी पुसणाऱ्या बाईंखेरीज कोणी उरलेले नसते.

सकाळची मंडळी नाना तऱ्हेची आहेत. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी संपवून परस्पर येणारे तरुण, फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजची मुले, ऑफिस गाठण्यापूर्वी तासभर घाम गाळणारे माझ्यासारखे मध्यमवयीन, आणि गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी धाडलेले दोघे-तिघे निवृत्त गृहस्थ. कोणाला पंजाबी गाणी हवी असतात, कोणाला ट्रान्स, कोणाला कोंकणी, आणि एका काकांना ट्रेडमिलवर चालताना नाट्यसंगीत लागते. यांतल्या कोणाच्याही आवडीविषयी माझी तक्रार नाही; मंगेशी हाकेच्या अंतरावर असताना नाट्यपदाला नाक मुरडण्याइतका करंटा मी नाही. तक्रार अशी आहे की हे सगळे एकाच तासात, त्याच स्पीकरांवर, एकमेकांना न विचारता आणि एकमेकांचे तोडून लावले जाते. काकांची तान अर्ध्यावर असताना कोणीतरी फोनवर बोट टेकवतो, तान तिथेच मरते आणि छतापासून लादीपर्यंत धडधड सुरू होते. काका बिचारे ट्रेडमिल थांबवून चष्मा शोधतात, थरथरत्या बोटाने पुन्हा आपले गाणे लावतात आणि धडधड थांबते. मग कोपऱ्यातून "कोण रे तो?" असा आवाज येतो. या साऱ्या गोंधळात मी खांद्यावर बार घेऊन खाली बसलेला असतो आणि सेट मोजणे केव्हाच विसरलेला असतो.

गाणी परवडली, पण फोनमधल्या बाकीच्या गोष्टीही स्पीकरवर येतात त्याचे काय करायचे? ब्लूटूथने जोडलेल्या फोनवर कॉल आला की गाणे थांबते आणि रिंग चारही कोपऱ्यांतून वाजू लागते. व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप कोणी सहज उघडला, तर तोही साऱ्या जिमला ऐकावा लागतो. परवा एका आईने आपल्या लेकाला "येतना धा पाव हाड रे" (येताना दहा पाव आण रे) असे कोंकणीत बजावलेले आम्ही सर्वांनी ऐकले आणि तो मुलगा डंबेल खाली ठेवून कानापर्यंत लाल झाला. आज पावाचा निरोप होता म्हणून हसण्यावारी गेले. उद्या कोणाच्या घरातले भांडण किंवा डॉक्टरांचा निरोप असाच वाजला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार आहे? शिवाय फुकटचे खाते वापरणाऱ्यांच्या गाण्यांमध्ये जाहिराती येतात, त्या वेगळ्याच. डेडलिफ्टसाठी श्वास रोखून धरावा आणि नेमके त्याच क्षणी कोणीतरी कर्ज घेण्याचा आग्रह सुरू करावा, याने जो ताण येतो तो पाठीला येत नाही.

हे असे का होते, हे समजून घेण्याची तसदी मालकांनी एकदा तरी घ्यायला हवी होती. ब्लूटूथ मुळात एका माणसाचा फोन आणि त्याचे एक उपकरण यांच्यातली तार काढून टाकण्यासाठी आले. साधा स्पीकर एका वेळी एकाच फोनचे गाणे वाजवतो. काही स्पीकर दोन फोनांशी जोडलेले राहतात, पण तेथेही ज्याने बोट दाबले त्याचीच सरशी होते. पूर्वी जोडलेले फोन स्पीकर लक्षात ठेवतो, आणि त्यांपैकी एखादा टप्प्यात आला की दोघे आपण होऊन एकमेकांना शोधून काढतात. त्यामुळे आमच्याकडे एक सभ्य गृहस्थ खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावत असतानाच वर पहिल्या मजल्यावर त्यांचे गाणे सुरू होते आणि त्यांना याचा पत्ताही नसतो. परत जाताना ते फाटकापर्यंत पोचले की गाणे तुटक तुटक होत विझते. पावसाळ्यात लाइट जाऊन आली की तर विचारूच नये. स्पीकर नव्याने चालू होतो, जोडणीसाठी तयार असल्याचे एका बाईच्या आवाजात जाहीर करतो आणि पाच-सहा जण एकदम आपापल्या फोनकडे झेपावतात.

वाय-फायवरची व्यवस्था यापेक्षा बरी असते, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ती असते, पण लावणाऱ्याने नीट लावली तर. एकाच नेटवर्कवर असलेल्या प्रत्येकाला स्पीकर दिसतो, गाणे बदलता येते आणि आवाजही वाढवता येतो, हीच तर तिची सोय आहे, आणि पासवर्ड भिंतीवर लिहिल्यानंतर हीच सोय आमच्या मुळावर आली आहे. अँड्रॉइड फोनवर तर पुष्कळदा असे होते की दुसऱ्याने स्पीकरवर पाठवलेले गाणे थांबवण्याचे बटण तुमच्याच फोनच्या पडद्यावर येऊन बसते. ते कशाचे आहे हे न कळून लोक दाबतात आणि गाणे बंद पडते. ही सूचना इतरांना जाऊ नये यासाठी सेटिंग आहे, ते कोणीही उघडून पाहिलेले नाही. त्याहून विचित्र प्रकार म्हणजे काही ॲपमध्ये खाते एकदा स्पीकरशी जोडले गेले की माणूस घरी गेल्यावरही तो स्पीकर त्याच्या यादीत राहतो. एका सद्गृहस्थांनी घरी नातीसाठी बडबडगीत लावले आणि ते बेंच प्रेस करणाऱ्या सहा आडदांड तरुणांच्या डोक्यावर वाजले. ट्रेनरच्या खात्याची तऱ्हा याच्या उलट आहे. एका माणसाचे खाते एका वेळी एकाच ठिकाणी वाजते, आणि त्याचा पासवर्ड साखळीला राहणाऱ्या त्याच्या बहिणीकडेही आहे; तिने तिकडे गाणे लावले की इकडे आमचा झुंबाचा वर्ग हवेत हात वर करून उभा राहतो.

या सगळ्यावर आमच्याकडे एकच इलाज चालतो, तो म्हणजे आवाज वाढवणे. ज्याचे गाणे तोडले जाते तो परत लावताना दोन अंश वर नेतो, पुढचा आणखी दोन, आणि खाली कोणी आणत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानले, तर दर तीन डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला जेमतेम पाव तास, असा कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी वापरला जाणारा हिशेब आहे. आमचा ट्रेनर त्या आवाजात सकाळ-संध्याकाळ कित्येक तास काढतो. त्याला आताच दोनदा हाक मारावी लागते, आणि तो अजून तिशीलाही पोचलेला नाही.

आणखी एक गोष्ट मालकांच्या कानावर घातली होती, ती त्यांनी हसून सोडून दिली. गाण्यांच्या ॲपचे व्यक्तिगत खाते स्वतःपुरते ऐकण्यासाठी असते; धंद्याच्या जागेत लोकांना ऐकवायचे तर परवाना लागतो. लग्नातल्या गाण्यांना स्वामित्वहक्कातून सूट असल्याविषयी गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रकही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पर्वरीच्या उच्च न्यायालयाने रद्द केले, तेथे पैसे घेऊन चालवलेल्या जिमची काय कथा! पण कोणाच्या खात्यावरून काय वाजते आहे हे ज्यांना ठाऊकच नाही, त्यांच्याशी परवान्याविषयी बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

संताप अधिक येतो तो उपाय समोर असल्यामुळे. काउंटरवर एक जुना फोन किंवा टॅब ठेवावा, स्पीकर फक्त त्यालाच जोडावा आणि ब्लूटूथची नवी जोडणी बंद करावी. सभासदांना वाय-फाय द्यायचेच असेल तर पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क द्यावे, ज्यातून स्पीकर दिसणारच नाहीत. ही सोय घरगुती राउटरमध्येही बहुधा असते. आवाजाची वरची मर्यादा ॲपमध्ये बांधून टाकावी. ज्यांना आपले गाणे हवे त्यांनी ते रांगेत घालावे आणि पाळी आल्यावर ऐकावे. स्पॉटिफायने तर २०२३ मध्ये जॅम नावाची सोय याचसाठी आणली, जिच्यात पुष्कळ जण एकाच यादीत गाणी टाकतात आणि ती वाजवणारा यजमान एकच राहतो. काकांसाठी सहा ते साडेसहा राखून ठेवावे, त्या वेळी तसेही चारच माणसे असतात. एवढे करायला अर्धा तास पुरे, आणि ते करून द्यायला फर्मागुडीची मुले आनंदाने तयार आहेत. "कानात इअरफोन घाला की," असे सुचवणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की घालून पाहिले आहेत. डोक्यावरच्या स्पीकरला हरवायचे तर इअरफोनचा आवाज त्याहून वर न्यावा लागतो, आणि मागून कोणी प्लेट घेऊन येत असेल तर कळत नाही.

हे सारे मी गेल्या आठवड्यात वार्षिक फीच्या नूतनीकरणाच्या वेळी, पैसे हातात धरूनच, मालकांना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पावतीपुस्तक पुढे ओढले आणि म्हणाले, "सोडा हो, कशाला एवढा त्रास करून घेता? तुमचाही फोन जोडून घ्या ना." मी पैसे खिशात परत घातले आहेत, आणि पासवर्ड भिंतीवरून पुसला जाईपर्यंत ते तिथेच राहतील.