10 च्या जागी 30 चा फ्यूज

लाल फ्यूज काढला आणि हिरवा ठोकला! 10 अँपिअरच्या खाचेत 30 अँपिअर! आणि वर तो इलेक्ट्रिशियन मलाच सांगतो, "अब नहीं उडेगा, गॅरंटी."

नाहीच उडणार. आता वायर जळेल!

काल भर पावसात मुंबईत जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) फ्यूज उडाला आणि मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, मीटरचा उजेड, सगळं पुन्हा एका फटक्यात गेलं. मागे डंपर. हॅझर्ड लावून, जीव मुठीत धरून गाडी पवईपर्यंत आणली, कारण तिथे 'ऑटो इलेक्ट्रिशियन' अशी पाटी दिसली. त्या पाटीवर विश्वास ठेवून थांबलो आम्ही.

फ्यूज कधी उडतो, हे त्याने विचारलंच नाही. मीच सांगितलं: गाडी खड्ड्यात आदळली की उडतो, डिकी जोरात लावली की उडतो. म्हणजे डिकीच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरिंग वाकतं ना, तिथे वायर सोललीय आणि तांबं बॉडीला टेकतंय. नळी मागे सरकवून बघ, एवढंच म्हणत होते. मी बोलतेय आणि हा उत्तर देतोय माझ्या नवऱ्याला! "साब, फ्यूज कमजोर था."

फ्यूज कमजोर? अरे, तो कमजोर असायलाच हवा, जास्त करंट आला की वायरीच्या आधी त्याने वितळावं, त्यासाठीच बसवलाय तिथे! 10 हा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, तुझ्या मर्जीवरून नाही. 30 चा त्या खाचेत बसतो कारण पात्यांचा आकार तोच असतो, एवढंच. त्या फ्यूजवरचे माझ्या गाडीचे पार्किंगचे बल्ब 5-5 वॉटचे. सगळे धरले तरी 12 व्होल्टवर 5 अँपिअरसुद्धा होत नाहीत. तरी 10 चा उडतो, म्हणजे वाटेत कुठेतरी करंट बॉडीत जातोय. त्यावर 30 चा लावला की ती बारीक वायर 20-25 अँपिअर ओढत तापत राहणार, तिचं प्लास्टिक वितळणार, शेजारच्या वायरी वितळणार, आणि फ्यूज ढिम्म बसून राहणार. मागच्या सीटवर माझी पोरं बसतात! तिथल्या तिथे उपटून काढला तो फ्यूज. ग्लव्ह बॉक्समध्ये लाल फ्यूजची पुडी ठेवलेलीच असते, त्यातला लावला. पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले.

सर्व्हिस सेंटरवाले याहून वरचढ. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून म्हणतात, "कोड येत नाही, मॅडम." माझ्या गाडीत त्या दिव्यांचा कॉम्प्युटरशी संबंधच नाही, कोड येणार कुठून? मग म्हणे उंदरांनी वायर कुरतडली. बॉनेट उघडायच्या आधीच उंदीर! आणि उपाय एकच: अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगाच बदला. बोटभर सोललेल्या वायरीसाठी अख्खं हार्नेस!

टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर जोडलेला साधा तपासणीचा दिवा, ही वस्तू या लोकांनी कुठे गहाण टाकलीय? सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा, पार्किंग लाइट चालू करा, डिकी वरखाली करा, वायरिंग हलवा. जिथे हात लागल्यावर लॅम्प पेटतो, तिथे शॉर्ट. अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्यासाठी वाकावं लागतं, बघावं लागतं. फ्यूज बदलायला नुसती दोन बोटं पुरतात.

आणि तो रिव्हर्स कॅमेरा बसवणारा! त्यानेही आपली वायर त्याच नळीतून कोंबली आणि वर काळी टेप गुंडाळून मोकळा झाला. मे महिन्यातल्या उन्हात त्या टेपचा गोंद सुटून चिकट लगदा होतो, हे मुंबईत धंदा करणाऱ्याला माहीत नाही? सोल्डर नको, हीट श्रिंक (गरम केली की वायरीवर आवळून बसणारी नळी) नको, टेप मार आणि पुढची गाडी घे. त्यात हे रस्ते. पेव्हर ब्लॉक वर आलेले, डांबर वाहून गेलेलं, घरापासून हायवेपर्यंत गाडी आदळतच जाते. कर मात्र गाडी घेतानाच भरून घेतलेला असतो.

"जुनी झाली, विकून टाका," असं आता कुणी म्हणालं तर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. इंजिन उत्तम आहे. एक वायर सोललीय, बस.

रविवारी डिकीचं पॅनल मीच उघडणार आहे. मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवरून आणलेला आहे, टेस्ट लॅम्प आहे, हीट श्रिंक आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम करायचं नाही, अशी नोटीस सेक्रेटरींनी लावलीय म्हणे. येऊ देत त्यांना खाली.